सल्ला छापताना दिवसही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कबड्डीत पकड सोडवताना मांडीमागचा स्नायू ताणला गेला, मैदानावर धावताना पोटरीत ‘टक्’ झाले, दुचाकीवरून पडून मांडीला मुका मार बसला, की आपल्याकडे पाच सल्ले एकदम येतात. बर्फ लाव. शेक घे. तेल लावून चोळ. गोळी घे. महिनाभर हलू नकोस. आरोग्याच्या सदरांतही हेच सल्ले आलटूनपालटून वाचायला मिळतात आणि वाचणाऱ्याला वाटते, डॉक्टरांचेच आपापसात एकमत नाही. खरे तर यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला कुठल्यातरी दिवशी ठीक असतो आणि कुठल्यातरी दिवशी नुकसान करतो. सल्ल्यात तो दिवसच लिहिलेला नसतो. म्हणून आमची विनंती एवढीच आहे: स्नायूच्या दुखापतीवर काहीही छापाल, तेव्हा ते दुखापतीच्या कितव्या दिवसासाठी आहे हे शेजारी छापा. हा आग्रह का, हे फाटलेल्या स्नायूत आत काय चालते ते सांगितल्याशिवाय पटणार नाही; पत्र लांबले आहे ते त्यामुळे.

स्नायूचा एक तंतू म्हणजे एकच पेशी. जाडीला केसाएवढी किंवा त्याहून बारीक, पण लांबीला कित्येकदा काही सेंटिमीटर, आणि एकाच पेशीच्या कडेकडेने शेकडो केंद्रके. एवढी पेशी दुभागून नवी होऊ शकत नाही. मग फाटलेला स्नायू भरून येतो कसा? १९६१ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्झांडर माउरो बेडकाच्या पायाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. तंतूचे स्वतःचे पातळ आवरण आणि त्याच्यावरचे प्रथिनांचे बाह्य पटल यांच्या फटीत चिकटून बसलेल्या छोट्या पेशी त्यांना दिसल्या. त्यांना त्यांनी सॅटेलाइट पेशी म्हटले. उशी आणि उशीची खोळ यांच्या मध्ये एखादे बी अडकून राहावे, तशा या पेशी असतात. बाहेरच्या पटलाला या पत्रात खोळच म्हणू, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. प्रौढ माणसाच्या स्नायूत खोळीच्या आतल्या शंभर केंद्रकांमागे साधारण २ ते ७ केंद्रके या पेशींची. एरवी त्या झोपलेल्या असतात आणि त्यांची खूण म्हणजे पॅक्स-७ हे प्रथिन. प्रौढ उंदरांमधून पॅक्स-७ असलेल्या पेशी तेवढ्या काढून टाकून स्नायूला इजा केली, तर स्नायू परत येतच नाही, जागा चरबी आणि व्रण घेतात. २०११ मध्ये एकाहून अधिक प्रयोगशाळांनी हे दाखवले. म्हणजे दुरुस्तीचे सारे भांडवल त्या मूठभर पेशींत आहे.

आता फाटण्याचा क्षण. तंतूच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. आवरणाला भोक पडले की ते आत घुसते. भोक लहान असेल तर डिसफर्लिन नावाचे प्रथिन आतल्या छोट्या पुटिका ओढून आणून काही सेकंदांत ठिगळ लावते. रोजच्या मेहनतीत, जिना उतरताना, हे सतत चाललेले असते. ज्यांच्या डिसफर्लिनच्या जनुकात दोष असतो त्यांचे स्नायू तरुण वयातच खंगू लागतात, त्याचे कारण हेच. भोक मोठे असेल तर मात्र कॅल्शियममुळे कॅल्पेन ही कातरी जागी होते आणि तंतू आतून कापला जाऊ लागतो. अख्खा तंतू जायचा, पण तुटलेल्या टोकाशी आकसलेल्या प्रथिनांचे बूच बसते, काही तासांत त्यामागे नवे आवरण तयार होते आणि नुकसान काही मिलिमीटरवर थांबते. दोन टोकांमधल्या फटीत रक्त साचून गोठते. ती गुठळी म्हणजे नंतरच्या बांधकामाची परांची आहे. पहिल्या दोन दिवसांत जोर लावून चोळले की ही परांची मोडते, पुन्हा रक्त सुटते आणि फट रुंदावते.

यानंतर कामगारांच्या दोन पाळ्या येतात. पहिल्या पाळीत आधी, काही तासांतच, न्यूट्रोफिल येतात आणि एकदोन दिवसांत मॅक्रोफेज, म्हणजे मोडतोड खाऊन जागा साफ करणाऱ्या पेशी. आपण जिला सूज म्हणतो, ती बरीचशी यांचीच वर्दळ. सफाईबरोबर त्या टीएनएफसारखी, इतर पेशींना निरोप देणारी प्रथिने सोडतात. इकडे खोळीच्या आसपास आधीपासून साठवलेले एचजीएफ हे वाढघटक इजेमुळे सुटते, सॅटेलाइट पेशीवरच्या मेट या, निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला जाऊन चिकटते आणि पेशी जागी होते. दिवसभरात तिच्यात मायो-डी हे प्रथिन दिसू लागते. मायो-डीची ताकद किती, हे १९८७ मध्ये सिएटलला हॅरॉल्ड वाइनट्राउब यांच्या प्रयोगशाळेने दाखवले: उंदराच्या साध्या संयोजी पेशींत या एकाच प्रथिनाचा हुकूम घातला, तर त्या स्नायुपेशी होतात. जाग्या झालेल्या पेशी पुढचे काही दिवस दुभागत राहतात. पहिल्या पाळीचा निरोपच तसा असतो: वाढा, अजून स्थिरावू नका.

तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास पाळी बदलते. गंमत अशी की कामगार बरेचसे तेच. मोडतोड खाऊन झाली की त्याच मॅक्रोफेज पेशी आपला स्वभाव पालटतात आणि आयएल-१०, आयजीएफ-१, टीजीएफ-बीटा ही वेगळा निरोप देणारी प्रथिने सोडू लागतात. आता निरोप असतो: दुभागणे थांबवा, जुळा. पेशींत मायोजेनिन हे प्रथिन येते, मायोमेकर आणि मायोमिक्सर ही दोन प्रथिने (पहिल्याचे काम २०१३ मध्ये कळले, दुसऱ्याचे २०१७ मध्ये) शेजारच्या पेशींची आवरणे एकमेकांत मिसळवतात आणि नवा तंतू तयार होतो. त्याची केंद्रके कडेला नसून मधोमध असतात आणि त्यात गर्भातल्या बाळाच्या स्नायूत असते तसले मायोसिन, म्हणजे आकुंचन घडवणारे प्रथिन, असते. तुकडा तपासणारा डॉक्टर या दोन खुणांवरून सांगतो की इथे नुकतीच दुरुस्ती झाली. थोड्या पेशी तंतूत न मिसळता पॅक्स-७ राखून पुन्हा खोळीखाली झोपी जातात, पुढच्या वेळेसाठी. वरचे दिवस मुख्यतः उंदरांवर मोजलेले आहेत. माणसात क्रम हाच, चाल जरा संथ.

या सगळ्यात एक तिसरा पक्ष आहे आणि आमच्या मते सर्वसामान्य वाचकाने तोच लक्षात ठेवावा. तंतूंच्या मधल्या जागेत राहणाऱ्या, तंतुमय ऊती किंवा चरबी होऊ शकणाऱ्या पेशी. २०१० मध्ये त्यांची नीट ओळख पटली. सुरुवातीला त्या झपाट्याने वाढतात आणि सॅटेलाइट पेशींना मदतही करतात. काम झाले की पहिल्या पाळीचे टीएनएफ त्यांना मारून संख्या आटोक्यात आणते. ही छाटणी झाली नाही, किंवा दोन्ही पाळ्यांची सरमिसळ झाली, तर दुसऱ्या पाळीचे टीजीएफ-बीटा त्यांना जगवते आणि त्या कोलॅजन विणत बसतात. तोच कडक व्रण. ड्युशेन या, मुलांचे स्नायू खंगवत नेणाऱ्या आनुवंशिक आजारात हेच वर्षानुवर्षे चालते. ७९ एक्झॉनचे (म्हणजे संकेताच्या तुकड्यांचे), माणसातल्या सर्वांत लांब जनुकांपैकी एक म्हणजे डिस्ट्रोफिन या, तंतूच्या आवरणाला आधार देणाऱ्या प्रथिनाचे. ते बिघडले की तंतूचे आवरण रोजच्या हालचालीनेच फाटते. एका तंतूचा आज पहिला दिवस असतो, शेजारच्याचा पाचवा, पलीकडच्याचा दहावा. कुठल्याच पाळीला आपले काम पुरे करता येत नाही. त्या मुलांच्या पोटऱ्या भरदार दिसतात, पण भर चरबीची आणि व्रणाची असते.

खोळीचे महत्त्व दाखवणारे एक उदाहरण आपल्या शेतशिवारातलेच आहे. जगभरच्या प्रयोगशाळांत उंदराच्या स्नायूला मोजूनमापून इजा करण्यासाठी नागाच्या विषातले कार्डिओटॉक्सिन वापरतात. ते तंतूची आवरणे फोडते, पण खोळ, रक्तवाहिन्या आणि नसा बऱ्याच अंशी शाबूत ठेवते. तीन-चार आठवड्यांत तो स्नायू जवळपास पूर्वीसारखा होतो. घोणस, फुरसे ज्या कुळातले, त्या वायपर कुळातल्या विषांत मात्र धातूच्या आधाराने चालणारी विकरे असतात, जी खोळीतले कोलॅजन आणि केशवाहिन्यांच्या भिंतीच चिरतात. पेशींना जगायला रक्त नाही आणि रांगेत उभे राहायला साचा नाही, त्यामुळे व्रण उरतो. दंशाच्या जागी आवळून बांधणे आणि चिरा देणे यांना डॉक्टर इतके का विरोध करतात, त्याचे एक कारण हेही आहे. उरलेसुरले रक्तही त्या स्नायूपर्यंत पोहोचू न देणारी ही कृती असते.

खेळातली दुखापत या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते. नुसते अंग दुखत असेल तर खोळ शाबूत असते. स्नायू खरोखर फाटला असेल, आणि तो बहुधा कंडरेशी जुळतो तिथे फाटतो, तर खोळही तुटलेली असते. तिथे उद्देश एकच: फट कमीत कमी रुंद राहावी आणि दोन्ही पाळ्यांना आपापले काम करू द्यावे.

पहिले दोन दिवस. खेळ तिथेच थांबवावा. ‘बघू, चालतंय का’ म्हणत आणखी चार मिनिटे खेळल्याने फट वाढते. क्रेप बँडेज खालून वर, बेताच्या दाबाने. बोटे गार किंवा निळी पडली तर सैल करावे. पाय उंच ठेवावा. बर्फ लावायचाच तर कापडातून, दहा-दहा मिनिटे, पहिल्या काही तासांत आणि फक्त वेदनेसाठी. बर्फाचा समावेश असलेले ‘राइस’ (विश्रांती, बर्फ, दाब, उंची) हे सूत्र १९७८ मध्ये मांडणारे अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनीच पुढे लिहिले की बर्फाने दुरुस्ती लांबू शकते. जपानमध्ये कोबे इथे उंदीरवर्गीय प्राण्यांवर झालेल्या प्रयोगांत बर्फ लावलेल्या, जोरात दुखावलेल्या स्नायूत मॅक्रोफेज उशिरा पोहोचले आणि दुरुस्ती मागे पडली. ते प्राण्यांवरचे काम आहे, त्यावरून बर्फाला वाळीत टाकू नये. पण दिवसाला सहा-सहा वेळा, आठवडाभर बर्फ हा सल्ला आता थांबावा. शेक नको, दारू नको, ताणणे नको, चोळणे तर नकोच. आंबेहळदीचा लेप कुणी हलक्या हाताने लावला तर आमची हरकत नाही. हरकत आहे ती लेप लावून वर अंगठ्याने ‘गाठ मोकळी’ करण्याला आणि ‘लचक काढण्याला’.

मांडीच्या पुढच्या भागाला गुडघा किंवा कोपर लागून बसलेला खोल मुका मार याबाबत वेगळे सांगायला हवे, कारण कबड्डीत आणि कुस्तीत तो नेहमीचा. अशा वेळी जमेल तितक्या लवकर गुडघा सुमारे १२० अंशांत वाकवून, बँडेजने तसाच बांधून २४ तास ठेवण्याची पद्धत क्रीडावैद्यकात आहे. स्नायू ताणलेल्या लांबीत राहतो, आत रक्त साचायला जागा कमी मिळते आणि पुढे गुडघा आखडत नाही. हे वेदना सहन होईल एवढेच आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीत करावे. याच माराला चोळले तर होणारे नुकसान मोठे आहे: मघाशी सांगितलेल्या तिसऱ्या पक्षाच्या पेशी हाड घडवणाऱ्या बीएमपी संकेतांच्या हाती लागतात आणि स्नायूत हाड धरते. तीन-चार आठवड्यांनी मांडीत टणक गाठ लागते, गुडघा वाकेनासा होतो आणि एक्स-रेत हाडाची सावली दिसते. तालमीत मेहनतीनंतर होणारी मालिश ही धडधाकट स्नायूची असते, तिच्याबद्दल हे नाही. फाटलेल्या स्नायूला तोच हात लावायचा नाही.

तिसऱ्या दिवसापासून मात्र पडून राहणे चुकीचे. हलणाऱ्या स्नायूत नव्या केशवाहिन्या लवकर शिरतात आणि नवे तंतू ओढीच्या दिशेने, एकमेकांना समांतर वाढतात. तीन आठवडे प्लास्टर किंवा खाट धरली तर ते वेडेवाकडे वाढतात आणि न दुखावलेला भागही झिजतो. डेन्मार्कमध्ये मांडी किंवा पोटरीचा स्नायू फाटलेल्या ५० हौशी खेळाडूंचे दोन गट केले होते. एकाचा व्यायाम दोन दिवसांनी सुरू झाला, दुसऱ्याचा नऊ दिवसांनी. खेळात परतायला पहिल्या गटाला साधारण ६२ दिवस लागले, दुसऱ्याला ८३. अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका आठवड्याच्या उशिराने तीन आठवडे गेले.

सुरुवात अशी: मांडीमागचा स्नायू असेल तर उताणे झोपून गुडघा थोडा वाकवावा आणि टाच गादीत दाबावी. पाय हलू द्यायचा नाही. पाच ते दहा सेकंद, दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. वेदना दहापैकी दोन-तीनच्या वर जाता कामा नये. हे सोपे वाटू लागले की हालचालीसह, मग हलक्या वजनासह. फसगत होते ती साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसांत. दुखणे कमी झालेले असते, चालता येते, आणि स्पर्धा तोंडावर असते. पण सुमारे दहा दिवसांपर्यंत त्या स्नायूतली सर्वांत कच्ची जागा म्हणजे तो नवा व्रणच असतो. त्यात तोवर मुख्यतः तिसऱ्या प्रकारचे, नाजूक कोलॅजन असते. पक्के पहिल्या प्रकारचे नंतर येते. या दिवसांत जोरात धावले की पहिल्याच जागी पुन्हा फाटते, आणि दुसऱ्यांदा फाटलेले अधिक वेळ घेते. दहा दिवसांनंतर शेक, हलकी मालिश, हळूहळू ताणणे हे सगळे चालते. लांब होत असताना भार घेणारे व्यायाम, म्हणजे वजन उचलण्यापेक्षा सावकाश खाली सोडणे, याच काळात वाढवावेत. मैदानात कधी उतरायचे? दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या नऊदशांश तरी झाली आणि पूर्ण वेगात धावताना काही जाणवले नाही, तेव्हा. तारीख पाहून नव्हे.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल टोकाची मते ऐकू येतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या कॉक्स विकर रोखतात आणि त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन ई-२ कमी होते. हेच ई-२ सॅटेलाइट पेशींना वाढायला सांगते, हे उंदरांत दिसले आहे. माणसांत, स्वीडनमधल्या २०१८ च्या एका अभ्यासात आठ आठवडे वजनांचा व्यायाम करणाऱ्या तरुणांपैकी रोज १२०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन घेणाऱ्यांच्या मांडीचा स्नायू, अगदी कमी मात्रेत ॲस्पिरिन घेणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे निम्माच वाढला. उलट साठीपुढच्या व्यायाम करणाऱ्यांत अशा गोळ्यांनी फायदा झाल्याचेही अभ्यास आहेत. त्या वयात अंगात सततची मंद दाहकता असते आणि ती दबल्याने मदत होते, असे समजले जाते. तेव्हा असह्य वेदनेसाठी दोन-तीन दिवस, डॉक्टरांना विचारून आणि रिकाम्या पोटी नाही, एवढे ठीक. सरावाला जाण्याआधी रोज एक गोळी ही तरुण खेळाडूंची सवय मात्र त्यांच्याच मेहनतीवर पाणी ओतते.

जाहिरातींविषयीही लिहायलाच हवे. स्वतःच्या रक्तातल्या बिंबाणूंचे इंजेक्शन हॅमस्ट्रिंगच्या (मांडीमागच्या स्नायूच्या) ताज्या दुखापतीत देऊन नेदरलँड्समध्ये ८० खेळाडूंवर चाचणी झाली. निम्म्यांना फक्त मिठाचे पाणी टोचले होते. २०१४ मध्ये निकाल आला: परतायला दोन्ही गटांना सारखेच, साधारण ४२ दिवस. ‘स्टेम सेल’च्या (मूळपेशींच्या) इंजेक्शनांचे तर जीवशास्त्रच जुळत नाही. चरबीतून किंवा अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशी स्नायुतंतू होत नाहीत. खऱ्या स्नायुजनक पेशी टोचल्या तरी बहुतेक पहिल्या काही दिवसांत मरतात. १९९० च्या दशकातले ड्युशेनच्या मुलांवरचे प्रयत्न याच कारणाने फसले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचे रक्तजनक पेशींचे रोपण वगळता स्टेम सेलचा कोणताही वापर केवळ परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतो, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. ड्युशेनच्या मुलाचे आईवडील घर गहाण ठेवून अशा जाहिरातीच्या मागे लागतात. ती जाहिरात छापण्यापूर्वी एवढे विचारावे.

खाण्याबद्दल थोडक्यात. बरे होण्याच्या काळात वजनाच्या दर किलोला दिवसाला १.६ ग्रॅम प्रथिने धरावीत, मूत्रपिंडाचा आजार नसेल तर. ६० किलोच्या खेळाडूला हे सुमारे ९६ ग्रॅम होते. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात किंवा उसळीत सहा-सात. तीन-चार जेवणांत वाटून घ्यावे. एकट्या रात्रीच्या जेवणात भरून निघत नाही.

आणि काही गोष्टी अशा आहेत की त्यांना दिवस नाही, तास मोजावे लागतात. मारानंतर पोटरी किंवा मांडी दगडासारखी घट्ट झाली, बोटे नुसती वर वाकवली तरी जीव जाईल एवढे दुखते, मुंग्या येतात किंवा बधीर वाटते, तर आतला दाब रक्तवाहिन्या बंद करतो आहे. बँडेज सोडावे, पाय हृदयाच्या पातळीला ठेवावा, त्याहून उंच नाही, आणि शल्यचिकित्सक असलेले रुग्णालय गाठावे. सहा तासांच्या आसपास स्नायू आणि नसा कायमच्या जाऊ लागतात, आणि तेव्हा खोळीखालच्या पेशीही वाचत नाहीत. अतोनात जोर-बैठका, भरतीची धावण्याची चाचणी किंवा चेंगरल्यानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर फुटलेल्या तंतूंतले मायोग्लोबिन मूत्रपिंडात अडकते आहे. त्याच रात्री रक्तातले क्रिएटिन कायनेज, पोटॅशियम आणि क्रिएटिनीन तपासून शिरेतून सलाईन सुरू व्हायला हवे. तोवर वेदनाशामक गोळी एकही देऊ नये, कारण ती त्याच मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करते.

आपले,
स्नायूंचे जीवशास्त्र व क्रीडावैद्यक शिकवणारे काही शिक्षक, पुणे